ग्रहण आणि बाळाचे डोळे

माहूर असो वा मुंबई, बाळाच्या डोळ्यात व्यंग दिसले की ग्रहणाचा विषय निघतो आणि दोष सुनेच्या माथी येतो. वस्तुतः गर्भधारणेनंतर चौथ्या आठवड्यातच मेंदूच्या बाजूंना दोन फुगवटे येतात. त्यांतूनच पुढे दृष्टिपटल साकारते. प्रत्येक पेशीत जनुकांची वही तीच. कोणते पान केव्हा उघडायचे, हे ‘पॅक्स-६’सारखी नियामक जनुके ठरवतात. १९९५ मध्ये वाल्टर गेहरिंग यांच्या प्रयोगशाळेत उंदराच्या या जनुकाने फळमाशीच्या अंगावर भलत्याच जागी माशीचेच डोळे उगवले! माणसात त्याच्या दोन प्रतींपैकी एक निकामी झाल्यास बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा घडतच नाही किंवा अपुरा राहतो. कित्येकदा हा बदल आईवडिलांत नसतो, बाळातच प्रथम घडतो. त्यात ग्रहणाचा संबंध नाही, मातेचा अपराधही नाही. पुढे काचबिंदूचा धोका असल्याने बाळाला विनाविलंब नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.