दोन लाख चार हजार

डिझेल स्विफ्ट, फर्स्ट ओनर, एमएच-१२, नऊ वर्षं जुनी, रनिंग २,०४,०००. सेकंड हँड गाड्यांच्या जाहिरातींत अशी एखादी गाडी हमखास असते. किंमत इतरांपेक्षा बरीच खाली, आणि तरी ती आठवडेच्या आठवडे हलत नाही. फोन करणारा रनिंग विचारतो, आकडा ऐकून "बाप रे" म्हणतो आणि फोन ठेवतो.

आकडा बाप रे म्हणण्यासारखा आहेच. दोन लाख किलोमीटर म्हणजे विषुववृत्तावरून पृथ्वीला पाच प्रदक्षिणा. चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर आहे, म्हणजे ही गाडी चंद्राच्या अर्ध्या वाटेच्याही पुढे गेली. तिचं चाक एका फेऱ्यात दोन मीटरला थोडं कमी अंतर तोडतं, तेव्हा प्रत्येक चाक दहा कोटींहून जास्त वेळा फिरलं.

पण हे सगळं बाहेरचं. बॉनेटखालचे आकडे पाहिले की चंद्र फारच जवळ वाटू लागतो.

या गाडीत फियाटचं १२४८ सीसीचं मल्टिजेट इंजिन आहे. २०२० मध्ये बीएस-सिक्स येईपर्यंत ते स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा, पुंतो, अर्टिगा अशा कितीतरी गाड्यांत बसत होतं. आज जास्त रनिंगच्या गाड्यांत ते वारंवार भेटतं ते त्यामुळेच. सरासरी वेग ताशी ६० आणि इंजिनाचे मिनिटाला २,००० फेरे धरले, तर एका किलोमीटरला २,००० फेरे पडतात. दोन लाख किलोमीटरना चाळीस कोटी. दर दोन फेऱ्यांमागे प्रत्येक सिलिंडरमध्ये एकदा डिझेल पेटतं, सिलिंडर चार, म्हणजे आतापर्यंत ऐंशी कोटी स्फोट. सेकंदाला एक या गतीने ते नुसते मोजायचे म्हटले तरी न झोपता पंचवीस वर्षं लागतील.

पिस्टनची धाव आणखी मजेची. या इंजिनात तो ८२ मिलिमीटर वर जातो आणि तेवढाच खाली येतो. चाळीस कोटी फेऱ्यांत प्रत्येक पिस्टन सुमारे ६५,६०० किलोमीटर धावला. पृथ्वीच्या दीड प्रदक्षिणेहून जास्त, आणि तेही तळहाताएवढ्या जागेत! एवढ्या काळात इंजिनाने अडीच लाख घनमीटर हवा ओढली, वजनात बोलायचं तर तीनशे टनांच्या आसपास. टर्बोने कोंबलेली वेगळीच. वीसच्या ॲव्हरेजने डिझेल जळलं दहा हजार लिटर, आणि लिटरभर डिझेल जळलं की साधारण लिटरभर पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. म्हणजे सोसायटीत येतो तसा पाण्याचा एक अख्खा टँकर सायलेन्सरमधून गेला.

एवढं सगळं होऊन धातू संपत कसा नाही? कारण चालत्या इंजिनात धातूला धातू फारसा लागतच नाही. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा पापुद्रा असतो, मिलिमीटरच्या काही हजारांश भागाएवढा. शाफ्ट फिरत असतो तोवर तो तरंगत असतो. गाडी रात्रभर उभी राहिली की ऑइल खाली उतरतं. सकाळी किल्ली फिरवल्यावर प्रेशर येईपर्यंतचे क्षण खरे झिजेचे. मग इंजिन तापेपर्यंतची काही मिनिटं. आणि तापायच्या आत गाडी बंद झाली, तर त्या वाफेतली थोडी ऑइलमध्येच मुरते.

त्यामुळे किलोमीटरपेक्षा तास आणि स्टार्ट मोजायला हवेत, आणि नेमके तेच मीटरवर दिसत नाहीत. आपली स्विफ्ट औषध कंपनीच्या फिरत्या माणसाची होती असं समजू. पुणे, सोलापूर, सांगली, पुन्हा पुणे. ताशी ६० ने दोन लाख किलोमीटरला ३,३३३ तास लागतात. एका स्टार्टमागे ऐंशी किलोमीटर धरले तर स्टार्ट अडीच हजार.

तिच्या शेजारी ७०,००० रनिंगची दुसरी गाडी उभी करा. ही पुण्यातच फिरलेली, ताशी १८ च्या वेगाने. तिचे तास होतात ३,८८९. एक फेरी सात किलोमीटरची, म्हणजे स्टार्ट दहा हजार. सिग्नलला नुसतं घुरघुरणं धरून मिनिटाला सरासरी १,३०० फेरे मानले तरी इंजिन तीस कोटी वेळा फिरलं. किलोमीटर जेमतेम एक तृतीयांश, इंजिनाचं आयुष्य मात्र तासांत जास्त आणि स्टार्टमध्ये चौपट. क्लचच्या बिचाऱ्याचं तर विचारूच नका.

गाडी बाजारात एजंट ज्या वाक्यावर भाव चढवतो ते आठवा: "डॉक्टरांची गाडी आहे साहेब, घर ते दवाखाना एवढीच चाललीय." इंजिनाचे हाल करायला याहून चांगला रस्ता कुठला?

न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर अर्व्ह गॉर्डन नावाचे विज्ञानाचे शिक्षक होते. १९६६ मध्ये त्यांनी व्होल्वो पी-१८०० घेतली, नोकरीसाठी रोज जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर चालवली, आणि सप्टेंबर २०१३ मध्ये अलास्कात तिने तीस लाख मैल ओलांडले. म्हणजे ४८ लाख किलोमीटर, चंद्रावर सहा वेळा जाऊन-येऊन. ग्रीसमधले टॅक्सीवाले ग्रेगोरिओस साचिनिदिस यांची १९७६ ची मर्सिडीज २४०-डी ४६ लाख किलोमीटर चालून २००४ मध्ये कंपनीच्या संग्रहालयात गेली; मात्र त्यांनी तीन इंजिनं आलटून-पालटून वापरली. दोघांच्या गाड्या लांबचे पल्ले मारत, आणि दोघेही देखभालीत हयगय करणारे नव्हते. आपल्याकडे देखभाल कळायचा मार्ग एकच, सर्व्हिस हिस्टरी. ती नसेल तर वरचं सगळं गणित फुकट, दोन लाखांची गाडी सरळ सोडावी.

मीटर मागे फिरवण्याचं काय? जुन्या गाड्यांच्या मीटरला बहुतेक पाचच आकडे असत. ९९,९९९ नंतर आपोआप शून्य. आता ते काम लॅपटॉप करतो. अमेरिकेत १९७२ पासून हा केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे, तरी तिथल्या महामार्ग सुरक्षा खात्याच्या अंदाजाने वर्षाला साडेचार लाखांहून अधिक गाड्या खोट्या मीटरने विकल्या जातात. २,०४,००० दाखवणारं मीटर बहुधा खरं बोलतं. लबाडीच करायची तर दोन लाखांवर कोण थांबेल? संशय घ्यायचा तो ३८,००० वाल्याचा. टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. गाडी २०१६ ची, रनिंग ३८,००० आणि चारही टायर २०१९ चे, तर पहिले चार इतक्यात कसे संपले ते विचारावं.

आता पैसे. समजा ही स्विफ्ट पावणेतीन लाखांना आहे आणि साठ हजार रनिंगची तेवढीच जुनी गाडी साडेचार लाखांना. दोघींच्या आरसीची सहा वर्षं उरलीत. पुढे पासिंग करून पाच वर्षं वाढवता येतात, पण तूर्त सहाच धरू. वर्षाला सात हजार चालवणाऱ्याला एकूण ४२,००० किलोमीटर लागणार. साडेचार लाखांच्या गाडीत तो लाखभर किलोमीटर जास्तीचे विकत घेतो आणि बहुतेक न वापरताच सोडून देतो. विकताना त्यातले थोडे पैसे परत येतील, थोडेच. पावणेदोन लाखांच्या फरकातून क्लच, शॉकअप, बुश, टायर उरकून टर्बो-इंजेक्टरसाठी बाजूला ठेवायलाही उरतं. वर्षाला पंचवीस हजार चालवणाऱ्याने मात्र या वाटेला जाऊ नये. सहा वर्षांत त्याचं मीटर साडेतीन लाखांवर जाईल, आणि इंजिन काम निघालं तर ते त्याच्याच अंगावर पडेल.

बघायला सकाळी सातला जावं आणि मालकाला आदल्या दिवशीच सांगावं, "मी येईपर्यंत सुरू करू नका." बॉनेटला हात लावून गार आहे ना ते पाहावं. एका किल्लीत पेटली पाहिजे. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, मग पुढचं काहीच बघू नये. धूर नसेल तर चालू इंजिनावर ऑइलचं झाकण काढून पाहावं: भकभक वाफा येत असतील तर रिंगा गेल्या. तेही ठीक निघालं, तर चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबावा. आवाज वाढून वेग वाढला नाही, तर क्लचप्लेटचे पैसे तिथेच किमतीतून कापून घ्यावेत.