वीस हंगाम एका ओळीत मावत नाहीत



हंगामाचा पट्टा पडला, की आमच्या टेबलावर अर्ज येऊ लागतात. कुठे दुसऱ्या कारखान्यात, कुठे डिस्टिलरीत, कुठे वीज प्रकल्पात जागा निघालेली असते. सभासदांची मुले, पाहुणेरावळे अर्ज घेऊन येतात आणि म्हणतात, "साहेब, जरा नजर घाला." आम्ही वाचतो आणि बहुतेक वेळा वाईट वाटते. माणूस मोठा असतो, कागद लहान असतो.

गेल्या उन्हाळ्यात आपल्या एका सभासदांचे धाकटे बंधू आले. दुसऱ्या एका कारखान्यात वीस हंगाम पॅनमन. तिथे पगार चार-चार महिने थकू लागले, मुलगी बारावीला, म्हणून या वयात नवी नोकरी शोधणे आले. बायोडेटा तीन पानी. वर गणपतीचे चित्र, मग जन्मतारीख, जात, उंची, छंद. नोकरीचा मजकूर शेवटच्या पानावर, एकच ओळ : "पॅनमन म्हणून २० वर्षांचा अनुभव."

आम्ही विचारले, "अहो, पॅन कोणते? ए, बी का सी?" झाले, गडी अर्धा तास बोलत राहिला! तिन्ही पॅन चालवलेली. आधी हाताने, पुढे कॉम्प्युटरच्या पडद्यावर. चार नवी पोरे हाताखाली तयार केलेली. मळीतून साखर जास्त जायला लागली तेव्हा केमिस्टसाहेबांबरोबर रात्रपाळ्या करून सी पॅनचा दाणा सुधारलेला. "मग हे कागदावर का नाही?" तर म्हणाले, "त्यात काय लिहायचं साहेब? ते तर आपलं रोजचंच काम."

चूक इथेच होते. रोजचे काम म्हणजेच अनुभव. नवख्याने शिक्षण आधी लिहावे, अनुभवी माणसाने काम आधी लिहावे. त्या दिवशी आम्ही दोघांनी बसून कागद नव्याने लिहिला. ती रीत सर्वांच्या उपयोगी पडावी म्हणून येथे देत आहोत.

१. वर नाव, गाव, मोबाइल नंबर. त्याखाली दोन ओळींत आपण कोण आणि कोणत्या कामात तरबेज, ते लिहावे.

२. शेवटची नोकरी आधी, मग मागची. प्रत्येकीपुढे हुद्दा, साल आणि कारखान्याची रोजची गाळप क्षमता द्यावी. हंगामी की कायम, ते खरे लिहावे. वीस हंगामांना वीस सलग वर्षे म्हटले, तर मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला उघडे पडते. ऑफ सिझनला ओव्हरहॉलिंग केले असेल तर ते वेगळे लिहावे.

३. नुसते "मिल फिटर होतो" लिहू नये. रोलर काढले-बसवले, ट्रॅश प्लेटचे सेटिंग केले, बेअरिंग बदलली, असे लिहावे. आकडा ठाऊक असेल तर द्यावा, पण फुगवू नये. कारखाने एकमेकांना फोन करतात!

४. बॉयलरवाल्यांनी अटेंडंटचा दाखला पहिल्या वर्गाचा की दुसऱ्या, आणि कोणत्या सालचा, ते नोंदवावे. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये प्रशिक्षण झाले असेल तर तेही. जुन्या मालकाने अनुभवाचा दाखला अडवला, तर पी. एफ.चे पासबुक पुराव्याला कामी येते.

५. सगळे दोन पानांत बसवावे. जात, उंची, आधार क्रमांक यांची गरज नाही. जाहिरात नीट वाचून, त्यांना हवे असलेले काम वर घ्यावे. मोबाइलवर पाठवताना कागदाचा तिरपा फोटो नको, पीडीएफ पाठवावी.

पॅनमन बंधूंना बोलावणे आले. पहिला प्रश्न सी पॅनचाच निघाला आणि त्यावरच मुलाखत रंगली. आज ते नव्या ठिकाणी पॅनवर उभे आहेत आणि पगार वेळेवर होतो.

ज्यांना अर्ज लिहायचा आहे त्यांनी जुने दाखले घेऊन कार्यालयात यावे. संकोच करू नये. काम तुम्ही केलेलेच आहे, ते कागदावर उतरवायला आम्ही बसू.