खोऱ्यातून जाणारी लढाऊ विमाने

लष्करी विमाने ओळखणे, त्यांची नोंद ठेवणे आणि छायाचित्रे टिपणे या छंदाचे मूळ ब्रिटनमध्ये युद्धाच्या गरजेत आहे. तिथे 1925 साली ‘ऑब्झर्व्हर कोअर’ हे निरीक्षक दल उभे राहिले. 1940 च्या हवाई लढाईत किनाऱ्यावरच्या रडारचे तोंड समुद्राकडे असे. किनारा ओलांडून आत शिरलेल्या विमानांचा माग हे निरीक्षक डोळ्यांनी आणि कानांनी काढत. विमान आपले की शत्रूचे, हे पंखांच्या आणि शेपटीच्या काळ्या आकृतीवरून क्षणात ठरवावे लागे. जानेवारी 1941 मध्ये ‘द एरोप्लेन स्पॉटर’ हे नियतकालिकच सुरू झाले. युद्ध संपले, तरी आकाशाकडे बघायची सवय सुटली नाही.

आज या छंदाची पंढरी म्हणजे वेल्समधले ‘माक लूप’. डॉलगेल्लाय आणि माहन्लेथ या गावांच्या दरम्यानच्या खोऱ्यांना हे नाव आहे. ध्वनीच्या वेगाशी जोडलेल्या ‘माक’ या अंकाशी त्याचा संबंध नाही. ‘माक’ हे माहन्लेथ या नावाचेच लघुरूप. शाही हवाई दलाची आणि ब्रिटनमधल्या अमेरिकी तळांवरची विमाने इथे जमिनीपासून 250 फुटांपर्यंत, म्हणजे जेमतेम 76 मीटरांपर्यंत खाली येऊन सराव करतात. छायाचित्रकार डोंगरउतारावर उभे असल्यामुळे विमान त्यांच्या नजरेच्या पातळीवरून, कधी पायाखालूनही जाते. एरवी जमिनीवरून विमानाचे पोटच दिसते. इथे पाठ दिसते, आणि काचेआडचे वैमानिकाचे शिरस्त्राणसुद्धा.

मात्र हे दृश्य काही क्षणांचेच असते. ताशी 800 किलोमीटर वेगाचे विमान सेकंदाला सुमारे 222 मीटर कापते. शटर एक हजारांश सेकंद उघडे राहिले, तरी तेवढ्यात ते 22 सेंटीमीटर पुढे सरकते. म्हणून कॅमेरा स्थिर धरून भागत नाही. कंबरेतून वळत, विमानाच्या गतीने कॅमेरा फिरवत बटण दाबावे लागते. यालाच ‘पॅनिंग’ म्हणतात. ते साधले की विमान रेखीव येते आणि मागचा डोंगर रेघारेघांत विरघळतो. जेट विमानासाठी हजारांश सेकंद किंवा त्याहून कमी वेळ ठेवतात. पंखा असलेल्या विमानाला हा नियम लावला, तर पाती थिजल्यासारखी दिसतात. तिथे 1/250 सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ शटर उघडे ठेवले, की ती फिरताना दिसतात. 100 ते 400 मिलिमीटरची झूम लेन्स बहुतेकांना पुरते.

छायाचित्रानंतर येते ती नोंदवही. ब्रिटिश लष्करी विमानावरचा दोन अक्षरे आणि तीन अंकांचा क्रमांक सहसा ते मोडीत निघेपर्यंत कायम राहतो, पण स्क्वाड्रनची चिन्हे बदलतात. त्यामुळे वर्षानुवर्षांच्या नोंदींतून एकेका विमानाची बदल्यांची कहाणी जुळत जाते. लेकनहीथ तळावरच्या अमेरिकी एफ-15ई विमानांच्या शेपटीवर ‘एलएन’ अक्षरे असतात. वरची पट्टी निळी असेल तर 492 वी स्क्वाड्रन, लाल असेल तर 494 वी.

उड्डाणाची हमी मात्र कोणी देत नाही. सराव मुख्यतः सोमवार ते शुक्रवार चालतो, आणि ढग खोऱ्यात उतरले की दिवस रिकामा जातो.

ब्रिटनमध्ये चालते ते सगळीकडे चालत नाही. नोव्हेंबर 2001 मध्ये ग्रीसमधल्या कालामाता तळावर बारा ब्रिटिश आणि दोन डच छंदिष्टांना हेरगिरीच्या संशयावरून अटक झाली. एप्रिल 2002 मध्ये त्यांना शिक्षा झाली. नोव्हेंबरमध्ये अपिलात सगळे निर्दोष सुटले. क्रमांक टिपून ठेवणे ही करमणूक असू शकते, हेच तिथल्या यंत्रणेला पटत नव्हते.

भारतात हवाई दलाचे तळ शासकीय गुपिते अधिनियम, 1923 नुसार निषिद्ध ठिकाणांत मोडतात. पुण्याच्या लोहगावला प्रवासी विमाने आणि सुखोई-30 एकच धावपट्टी वापरतात, त्यामुळे तिथे प्रवाशांनीही कॅमेरा पिशवीतच ठेवायचा असतो. उघडपणे छायाचित्रे घ्यायची तर बंगळुरूजवळच्या येलहंका तळावर 1996 पासून भरत आलेले, साधारण दर दोन वर्षांनी होणारे ‘एरो इंडिया’ प्रदर्शन आहे. तिथे तिकीट काढून आत जाता येते, आणि ठरलेल्या वेळी विमाने प्रेक्षकांसमोर उडतात.