नाताळातलं तिवोली, कोपनहेगन

- उद्घाटन: १५ ऑगस्ट १८४३. याहून जुनं मनोरंजन उद्यान डेन्मार्कमध्येच आहे: बाकन, १५८३ पासून.
- नाताळ हंगाम: १९९४ पासून. साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत.
- रुत्शेबानेन: १९१४ची लाकडी रोलर कोस्टर. ब्रेकवाला गाडीतच बसतो आणि उतारावर हाताने ब्रेक लावून वेग आवरतो.
- तिकीट: प्रवेशाचं वेगळं, राइडचं वेगळं. आजी-आजोबांना नुसती रोषणाई पाहायची असेल, तर प्रवेशाचं पुरतं.
- दिवेलागण: लवकर. डिसेंबरअखेर सूर्य दुपारी पावणेचारच्या सुमारास मावळतो.
- खाणं: एब्लेस्किव्हर. खळग्यांच्या तव्यात केलेले, आप्प्यांसारखे गोल. वर पिठीसाखर, सोबत जॅम. मोठ्यांसाठी ग्लॉग, म्हणजे मसाले घातलेली गरम वाइन.
- ठिकाण: मध्यवर्ती रेल्वेस्थानकाला लागूनच.