डोब्रोवादनाच्या ध्वनिमुद्रिकेविषयीची श्रोतृमते : वाद्यरचना व वादनपरंपरा यांच्या संदर्भात

प्रस्तावना :

कोणत्याही कलाकृतीविषयी रसिकांची मते भिन्न असतात, हे सर्वमान्य आहे. मात्र 'ज्याची त्याची आवड' असे म्हणून ही भिन्नता बाजूला सारली, तर कलाविचार तेथेच थांबतो. मतभेदामागे पुष्कळदा कलाकृतीतीलच एखादे वस्तुनिष्ठ कारण असते. अमेरिकेतील ब्लूग्रास संगीतात डोब्रो या वाद्याच्या वादनाला वाहिलेली 'द ग्रेट डोब्रो सेशन्स' ही ध्वनिमुद्रिका १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. जेरी डग्लस व टट टेलर हे तिचे निर्माते होते. १९९५ मध्ये तिला सर्वोत्कृष्ट ब्लूग्रास अल्बमचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. या ध्वनिमुद्रिकेच्या निमित्ताने अशा वादनाविषयी श्रोत्यांची मते का विभागली जातात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

वाद्याची रचना :

गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवरून पोलादी बार सरकवीत वाजविण्याची पद्धत हवाई बेटांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली. तिचे श्रेय प्रामुख्याने जोसेफ केकुकू यांना दिले जाते. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्को येथील जागतिक प्रदर्शनानंतर ती अमेरिकेत लोकप्रिय झाली. परंतु वाद्यवृंदात गिटारचा आवाज क्षीण पडे. स्लोव्हाक वंशाचे कारागीर जॉन डोपियेरा यांनी गिटारच्या पोटात ॲल्युमिनियमची पातळ वाटी बसवून हा प्रश्न सोडविला. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी आपल्या बंधूंसह काढलेल्या वाद्यांना 'डोब्रो' हे नाव मिळाले. 'डोपियेरा ब्रदर्स' या शब्दांची आद्याक्षरे त्यात आहेत, शिवाय स्लोव्हाक भाषेत या शब्दाचा अर्थ 'चांगले' असा होतो.

ब्लूग्रासमध्ये डोब्रोच्या सहा तारा साधारणतः षड्ज, गांधार, पंचम आणि पुन्हा षड्ज, गांधार, पंचम अशा लावतात. तारा पट्टीपासून उंचावर असल्याने त्या पडद्यांवर दाबल्या जात नाहीत; पडदे केवळ स्वरस्थान दर्शवितात. बार सरकवीत नेला की स्वर अखंड राहतो आणि मींड व कंप सहज साधतात. वाद्य गाऊ लागते ते यामुळेच. मात्र द्रुत लयीत प्रत्येक स्वरासाठी बार सरकविल्यास स्वर एकमेकांत मिसळतात. म्हणून वादक मोकळ्या तारांचा आधार घेतो, बारचा हलका आघात करून किंवा तो झटकन उचलून स्वर सुटे करतो. तेव्हा हेच वाद्य बँजोच्या जवळ जाते. गाणे आणि खणखणाट या दोन्ही शक्यता एकाच रचनेतून निर्माण होतात.

परंपरेतील दोन प्रवाह :

बिल मन्रो यांच्या ज्या वाद्यवृंदाने १९४५ ते १९४८ या काळात ब्लूग्रासला निश्चित रूप दिले, त्यात डोब्रो नव्हता. मात्र ग्रामीण अमेरिकन संगीतात तो पूर्वीच रुजला होता. १९३९ पासून रॉय एकफ यांच्या साथीस असलेले 'बॅशफुल ब्रदर ऑस्वाल्ड' हे हवाई वळणाचे वादन करीत. १९५५ मध्ये जॉश ग्रेव्ज हे फ्लॅट व स्क्रग्ज यांच्या वाद्यवृंदात प्रथम बासवादक म्हणून आले आणि लवकरच डोब्रोकडे वळले. अर्ल स्क्रग्ज यांचे बँजोवरील तीन बोटांचे तंत्र त्यांनी डोब्रोवर आणले. त्यामुळे ब्लूग्रासच्या वेगाशी डोब्रोचा मेळ बसला. पुढे माइक ऑल्ड्रिज यांनी नितळ व संयत नादाला प्राधान्य दिले, तर जेरी डग्लस यांनी वेग व नाद यांचा समन्वय साधला. या सर्वांचे वादन प्रस्तुत ध्वनिमुद्रिकेत एकत्र ऐकावयास मिळते.

मतभेदाचे स्वरूप :

अशा संग्रहाविषयी तीन प्रकारचे आक्षेप संभवतात. पहिला आक्षेप असा, की द्रुत रचनांत कौशल्य दिसते, पण वाद्याचा गळा हरवतो. दुसरा नेमका उलट : संथ रचना मधुर असल्या तरी त्यांत ब्लूग्रासचा जोम नाही. वरील विवेचनावरून स्पष्ट होते की, पहिला श्रोता ऑस्वाल्ड यांच्या प्रवाहाची अपेक्षा धरून ऐकतो, तर दुसरा ग्रेव्ज यांच्या. तिसरा आक्षेप गायकाच्या अभावाचा आहे. गाण्यात डोब्रो दोन ओळींमधील जागा भरतो, गायकाला उत्तर देतो. गायक नसताना ते उत्तर कोणाला, असा प्रश्न साथीच्या डोब्रोची सवय असलेल्या कानाला पडणे स्वाभाविक आहे.

भारतीय वाद्यसंगीतातील गायकी अंग व तंतकारी अंग यांविषयीचा वाद या संदर्भात आठवतो. 'कॉल ऑफ द व्हॅली' (१९६७) मध्ये ब्रिजभूषण काब्रा यांनी मांडीवरील गिटारला रागसंगीतात स्थान दिले, ते मींडेच्याच बळावर. १९९५ च्या 'बर्बन अँड रोझवॉटर' या ध्वनिमुद्रिकेत विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा व डग्लस यांचा डोब्रो एकत्र आले. एकाच हवाई मुळापासून निघालेल्या दोन शाखांची ती भेट होती.

निष्कर्ष :

१. डोब्रोवादनाविषयीची परस्परविरोधी मते केवळ वैयक्तिक आवडीतून उद्भवत नाहीत; त्यांचे मूळ वाद्याच्या दुहेरी क्षमतेत व दोन वादनप्रवाहांत आहे.
२. श्रोत्याचा आक्षेप हा पुष्कळदा त्याच्या श्रवणसवयीचा निर्देशक असतो.
३. 'आवडले' वा 'आवडले नाही' या उत्तरानंतर 'आपण कशाची अपेक्षा धरून ऐकले?' हा प्रश्न विचारल्यास अभिप्रायाचे रूपांतर रसग्रहणात होऊ शकते. संगीताप्रमाणेच साहित्याच्या अध्यापनातही या प्रश्नाचे मोल आहे.