सात तारीख, दहा तारीख आणि लाडकीचा हप्ता

चाकणच्या कारखानदारी पट्ट्यात महिन्याला दोनच तारखा खऱ्या होत्या: सात आणि दहा. हजाराच्या आत कामगार असतील तर पगार सात तारखेपर्यंत, त्याहून जास्त असतील तर दहापर्यंत, असं 1936च्या वेतन कायद्याने घालून दिलं आणि खराबवाडी, नाणेकरवाडी, महाळुंगे, निघोजे या गावांचं सगळं गणित त्यावर बसलं. खोलीचं भाडं, वाण्याची वही, मेसचा हिशोब, गावाकडे पाठवायचे पैसे, बायकांची भिशी. नोव्हेंबर 2025मध्ये नवी वेतन संहिता लागू झाली, तिने तर सगळ्यांनाच सात तारीख दिली.

तारखांवर चालणाऱ्या या गावांत ऑगस्ट 2024पासून एक बिनतारखेचा पैसा येऊ लागला. त्याचा मागोवा घेताना थोडं मागे जावं लागतं, कारण रोख रक्कम या भागाला नवी नाही. शेतकऱ्याच्या हातात एकदम पैसा पडला की घरात काय काय होतं, हे चाकणच्या खेड तालुक्याने भरपूर पाहिलंय.

1962मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि पिंपरी-चिंचवडच्या माळावर कारखाने उभे राहिले. नव्वदीनंतर हा पट्टा भोसरी ओलांडून उत्तरेला सरकला. बजाजचा चाकणचा कारखाना 1999चा; 2009मध्ये मर्सिडीज-बेंझ आणि फोक्सवॅगन, पाठोपाठ महिंद्र. कांदा-बटाट्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या जमिनी गेल्या आणि चेक आले. त्या पैशाने मराठीला ‘गुंठामंत्री’ हा शब्द दिला. गळ्यात साखळी, दारात स्कॉर्पिओ, घाटात बैलगाडा. शहरातल्या लोकांना हे चित्र फार आवडतं. खोटं नाही ते, पण अर्धं आहे. त्याच पैशातून कुणी पत्र्याच्या खोल्या बांधल्या, कुणी टेंपो घेतला, कुणी पाण्याचा टँकर, कुणी जेसीबी, कुणी कंपनीच्या गेटसमोर वडापावची गाडी. आज बीड, लातूर, नांदेडहून आलेला पोरगा ज्या दहा बाय दहाच्या खोलीत राहतो ती खोली बहुतेक वेळा कुणाच्या तरी मोबदल्यातून उभी राहिलेली असते. एकरकमी पैशाने धंदे उभे राहतात, फक्त तो पैसा पुन्हा येत नाही. खोल्या बांधून झाल्या की मागे जमीन उरलेली नसते.

या कथेत एक माणूस नेहमी गायब असतो: बहीण. महाराष्ट्राने 1994मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला, देशाने तो 2005मध्ये दिला. कायदा आला तसं हक्कसोड पत्रही आलं. माहेरी बोलवायचं, साडी-चोळी करायची, तलाठ्याकडे किंवा वकिलाकडे अंगठा-सही घ्यायची. माहेर तुटू नये म्हणून बहिणींनी सह्या केल्या. जमिनीला भाव आल्यावर काहींनी दावे लावले, माहेर तुटलं ते तुटलंच. ज्याच्या नावावर सातबारा, त्याच्या नावावर चेक. गावात कोट्यवधी आले, त्यातला रुपयाही जिच्या खात्यात पडला नाही अशा बायका घरोघरी निघतील. पुढे सरकारने योजनेला ‘लाडकी बहीण’ हे नाव दिलं तेव्हा या पट्ट्यातल्या जुन्याजाणत्या बायकांना हसू आलं असणार.

बायकांच्या हातातल्या पैशाची गोष्ट इथे वेगळ्याच वाटेने सुरू झाली, आणि तीही याच तालुक्यात. चाकणपासून जवळच राजगुरुनगरला डॉ. सुधा कोठारी यांनी 1989च्या सुमारास बायकांचे बचत गट बांधायला घेतले. 1993मध्ये त्यातून चैतन्य ही संस्था उभी राहिली आणि गटांचा मिळून ग्रामीण महिला स्वयंसिद्धा संघ झाला. तेव्हा कुणी सरकार पैसे टाकत नव्हतं. बाई आपल्या रोजातून थोडेथोडे काढायची, गटात टाकायची, गरज पडली की त्यातूनच कर्ज उचलायची. सावकाराच्या दारात न जाता शेळी घेता येते, हे तिथे पहिल्यांदा कळलं. माझ्या मते या भागातली सगळ्यात मोठी आर्थिक घटना कारखाने नव्हेत, बचत गटाची ही वही आहे. तिच्यात बाईच्या नावाचं पान होतं.

सरकारी पैशाची नळी मात्र हळूहळू जुळत गेली. 1980ची संजय गांधी निराधार योजना, जिची रक्कम रखडत रखडत 2023मध्ये दीड हजारावर पोचली. 2010मध्ये नंदुरबारच्या टेंभलीत पहिलं आधार, 2013च्या 1 जानेवारीपासून अनुदान थेट खात्यात, 2014मध्ये जनधन. 2019मध्ये पीएम किसानचे वर्षाला 6000 आणि 2023मध्ये राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे आणखी 6000. पण शेतकऱ्यांच्या या दोन्ही योजना सातबाऱ्यामागे चालतात, म्हणजे पुन्हा बहुतेक ठिकाणी पुरुषामागे. भीमाशंकरच्या पायथ्याचा ठाकर, कातकरी तर सातबाऱ्याच्या बाहेरच.

28 जून 2024ला अजित पवारांनी अर्थसंकल्पात मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जाहीर केली: 21 ते 60 (काही दिवसांतच 65) वयाच्या, अडीच लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या बाईला महिना 1500. जुलैभर अंगणवाडी सेविका नारीशक्ती दूत ॲपवर अर्ज भरत बसल्या होत्या, एका अर्जामागे 50 रुपये कबूल झाले होते. बँकांसमोर रांगा, आधार कुठल्या खात्याला जोडलंय याचा शोध. कित्येकींचे पैसे त्या विसरून गेलेल्या खात्यात पडले, आणि काही बँकांनी किमान शिलकीचा दंड म्हणून ते आल्याआल्या कापून घेतले. 17 ऑगस्टला पुण्यात बालेवाडीच्या क्रीडा संकुलात सोहळा झाला. जुलै-ऑगस्टचे मिळून 3000 आले, दोन दिवसांनी राखीपौर्णिमा होती.

दीड हजारात काय होतं, असं पुण्यातला माणूस विचारतो. खराबवाडीत पाच-सहा पोरांना डबा देणारी बाई हे विचारत नाही. तिचा धंदा भांडवलाअभावी अडत नाही, महिनाअखेरीला अडतो. पोरांचा पगार सातला, गॅस संपतो पंचविसाला. मधल्या बारा-तेरा दिवसांत वाणी उधार देतो, पण दर लावून. हाताशी दीड हजार असले तर ती तेल आणि डाळ रोखीने घेते आणि आणखी दोन डबे वाढवते. तालुक्याच्या पश्चिमेकडच्या गावात हिशोब वेगळा. तिथे वर्षाचे 18,000 म्हणजे शनिवारच्या चाकणच्या बाजारातल्या एक-दोन शेळ्या. आणि जिथे भिशी आहे तिथे तर बायकांनी सरकारच्या पुढे डोकं चालवलं. दहा जणींनी आपापला हप्ता एकत्र टाकायचा, दर महिन्याला एकीला 15,000. महिन्याच्या चिल्लरचा एकरकमी पैसा होतो. शिलाई मशीन, पिको-फॉलचं यंत्र, हातगाडी यातून येते.

हे केवळ चाकणचं कौतुक नाही. केनियाच्या पश्चिम भागात गिव्हडायरेक्टली या संस्थेने गरीब घरांना विनाअट पैसे दिले, त्याचा अभ्यास 2016मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना दरमहा थोडे मिळाले त्यांच्या घरात जेवणाची चिंता कमी झाली. ज्यांना एकदम मिळाले त्यांनी छपराचा पत्रा आणि टिकाऊ वस्तू घेतल्या. पैसा नवऱ्याला दिला की बायकोला, याने तिथे फारसा फरक पडला नाही. हे शेवटचं मला चाकणपुरतं पटत नाही. हक्कसोड पत्रांचा ढीग पाहिलेल्या कुणालाच पटू नये. घराजवळचा दाखला मध्य प्रदेशातला आहे. 2011-12मध्ये सेवा संस्थेने युनिसेफच्या मदतीने इंदूर भागातल्या आठ गावांत माणशी 200 आणि मुलामागे 100 रुपये दरमहा दिले, पुढे ते 300 आणि 150 केले. लोक आळशी होतील अशी भीती होती. उलट जनावरं, शिलाई मशीन, स्वतःची शेती यांवरचं काम वाढलं.

आपल्याकडची नळी मात्र निवडणुकीच्या नळाला जोडलेली निघाली. ऑक्टोबर-नोव्हेंबर 2024चे हप्ते आचारसंहितेआधी एकत्र आले. मतदान झालं, महायुतीला प्रचंड बहुमत मिळालं. जाहीरनाम्यात कबूल केलेले महिना 2100 आले नाहीत. वर्षाला 46,000 कोटी लागतील असा अंदाज होता, 2025-26च्या अर्थसंकल्पात 36,000 कोटी ठेवले गेले. मे 2025मध्ये सामाजिक न्यायाच्या 410 आणि आदिवासी विकासाच्या 335 कोटींचा निधी इकडे वळवला गेला. म्हणजे ज्या ठाकरवाडीच्या बाईला दीड हजार मिळाले, तिच्याच वाट्याच्या तरतुदीतून. मग छाननी आली. जुलैमध्ये 26 लाखांहून अधिक लाभार्थ्यांचे पैसे थांबवल्याचं सरकारने सांगितलं, चौदा हजारांहून जास्त पुरुष लाडक्या बहिणी निघाले. शेतकरी योजनांचे महिना हजार ज्यांना मिळतात, अशा पावणेआठ लाख बायकांना आता इथून पाचशेच मिळतात. सप्टेंबरमध्ये ई-केवायसी आली, नवऱ्याचं किंवा बापाचं आधार मागत. ज्या बाईला नवऱ्याने टाकलं तिने त्याच्या मोबाइलवरचा ओटीपी कुठून आणायचा, हे नियम लिहिणाऱ्याला सुचलं नव्हतं. ओरड झाली तेव्हा मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढली.

खोटे अर्ज गाळायलाच हवेत, त्यावर वाद नाही. माझी तक्रार दुसरी आहे. फेब्रुवारी 2025चा हप्ता महिला दिनाला आला, एप्रिलचा मेमध्ये आला. भिशी चालवणाऱ्या बाईला विचारा. एक हप्ता उशिरा आला की दहाही जणींची साखळी तुटते, आणि ज्या बाईने आलेल्या 15,000वर मशीन बुक केलं तिला पुन्हा वाण्याकडे, नाहीतर महिन्याला दहा टक्क्यांनी देणाऱ्याकडे जावं लागतं. ओवाळणी म्हणून आलेल्या पैशावर धंदा बांधता येत नाही. ओवाळणी सणाला येते, भाडं मात्र सात तारखेला द्यावं लागतं.

म्हणून 2100ची घोषणा करणाऱ्यांना एकच विनंती. रक्कम 1500च राहू द्या, पण शासन निर्णयात एक ओळ घाला: हप्ता दर महिन्याच्या सात तारखेच्या आत जमा होईल. कारखानदाराला तारखेचा नियम 1936च्या कायद्यानेच घालून दिलाय.