पाठीमागून ठोकलेला नकाशा

शाळेच्या भिंतीवरच्या महाराष्ट्राच्या प्राकृतिक नकाशात कोकण हिरवं, देश पिवळसर आणि सह्याद्री तपकिरी असतो. हे रंग निसर्गाचे नाहीत. आषाढातला सह्याद्री पाहिलेल्या माणसाला ते निराळं सांगायला नको. उंचीला रंग देण्याची ही रीत रूढ केली ती एडिंबरातल्या बार्थोलोम्यू घराण्याने. धाकट्या जॉन बार्थोलोम्यूने समोच्चरेषांमधले पट्टे रंगवलेले नकाशे १८७८च्या पॅरिस प्रदर्शनात मांडले. त्याच वर्षी पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सहकाऱ्यांसह चित्रशाळा छापखाना काढला. रंगीत शिळाछापाची विद्या दोन्हीकडे होती. पण पुण्याच्या शिळेवर मुख्यतः देवदेवता आणि नाना फडणीस उमटले, आणि १८९३ सालचा साठ नकाशांचा हिंदुस्थानचा संग्रह, पुढे १९०९चा इंपीरियल गॅझेटियरचा नकाशाखंड, हे एडिंबरातल्या बार्थोलोम्यूंच्या कारखान्यात तयार झाले.

राज्य ब्रिटिशांचं होतं, म्हणून नकाशेही त्यांचेच, हे उत्तर सोपं आहे, पण अर्धंच खरं आहे. बार्थोलोम्यूंनी मोजणीची साखळी स्वतः ओढली नाही. ब्रिटनची जमीनही सरकारी ऑर्डनन्स सर्व्हेनेच मोजली होती. तिचे मोठ्या प्रमाणावरचे नकाशे घेऊन मैलाला अर्धा इंच इतके लहान करायचे, काय गाळायचं आणि काय ठेवायचं ते ठरवायचं आणि सुबक छापायचं, हा यांचा धंदा. त्यांचं खरं भांडवल दुरुस्ती हे होतं, असं माझं मत आहे. नकाशा छापून झाला की त्याच दिवसापासून शिळा होऊ लागतो. रस्ता वळतो, पूल पडतो, वाडी वाढते. सायकलींच्या पुण्याला आवडावी अशी गोष्ट म्हणजे, या नकाशांवरच्या रस्त्यांच्या दुरुस्त्या ब्रिटनमधल्या सायकलस्वारांच्या संघटनेचे सभासद कळवत असत.

जुन्या पद्धतीत ही दुरुस्ती म्हणजे कसरत होती. नकाशा तांब्याच्या पत्र्यावर उलटा, आरशात दिसावा तसा, कोरलेला असे. चुकलेली रेघ खोडता येत नाही, कारण ती रेघ म्हणजे चर. मग ती खरवडून काढायची, पत्रा पालथा घालून नेमक्या त्याच जागी मागून हलकेच ठोकायचा, दबलेलं तांबं वर आणायचं, घासून सपाट करायचं आणि नवी रेघ कोरायची. ठोका जरा इकडेतिकडे पडला, तर शेजारच्या गावाचं नाव बिघडणार. असा पत्रा पिढ्यान्‌पिढ्या जपायचा, तर कुठे काय बदललं याची आठवणही पत्र्याइतकीच जपावी लागते. ती या घराने जपली. जॉर्ज कोरीवकाम करणारा. त्याच्या मुलाने, थोरल्या जॉनने, १८२६मध्ये धंदा सुरू केला. पुढे नातू, पणतू. पाचव्या पिढीनंतर तीन सख्खे भाऊ आले. जॉनने नकाशाशास्त्र, पीटरने कारभार आणि रॉबर्टने छपाई सांभाळली.

गुण काही रक्तातून येत नाही, हा आक्षेप रास्त आहे. पत्रे कोरणारे आणि रंग भरणारे बहुतेक हात पगारी होते, आणि नाव मात्र एकाच घराचं लागलं. तरीही पाच खंडांचा टाइम्सचा जगनकाशासंग्रह १९५५ ते १९५९ अशी पाच वर्षं काढत राहायचं, तर घाई नसलेला मालक लागतो. तो या घरात सापडला.

मात्र घाई नसणं हेच पुढे महाग पडलं असावं. मोबाइलने नकाशेवाल्यांना संपवलं असं म्हणण्याची पद्धत आहे. इथे तारखा जुळत नाहीत. भावांनी कंपनी रीडर्स डायजेस्टला विकली ती १९८०मध्ये. १९८५मध्ये ती न्यूज इंटरनॅशनलकडे गेली आणि १९९५मध्ये एडिंबराच्या डंकन स्ट्रीटवरचा कारखाना बंद झाला. तेव्हा मोबाइलवरचा नकाशा कुणाच्या खिशात नव्हता. माझा तर्क असा, की जुनं सुधारत राहण्याची सवय असलेल्या घराला सगळंच नव्याने उभारण्याइतका पैसा काढणं जड जातं, आणि तीन भावांच्या मुलाबाळांत वाटे पडले की आणखीच जड.

आपल्याकडे १७६७पासून मोजणी सर्व्हे ऑफ इंडियाच्या हाती. खासगी नकाशेवाल्यांवरची बंधनं खरी सैल झाली ती फेब्रुवारी २०२१मध्ये. म्हणजे तांब्याचा काळ उलटून गेल्यावर. दुरुस्तीचं काम मात्र कमी झालेलं नाही. पुणे महापालिकेच्या हद्दीत २०१७मध्ये अकरा गावं आली, २०२१मध्ये आणखी तेवीस, आणि २०२४मध्ये फुरसुंगी आणि उरुळी देवाची पुन्हा बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. शहराच्या पूर्वेची तीच रेघ आधी बाहेर सरकवायची आणि सात वर्षांनी पुन्हा आत घ्यायची, म्हणजे तांब्याचा पत्रा एकाच ठिकाणी दोनदा पालथा घालून ठोकावा लागला असता.